डायरेक्ट फिट म्हणे!

बॉक्सवर ठळक लिहिलंय 'डायरेक्ट फिट', म्हणजे काही न कापता-घासता थेट बसणार, आणि स्पोर्ट्स कारला हा फायबरग्लासचा बंपर लावून बघतो तर डावीकडे बोनेटशी ३ मिमी गॅप, उजवीकडे अख्खं बोट जातंय! माप कशाचं घेतलं होतं रे, बैलगाडीचं? सहा भोकांपैकी दोन जुळतात, बाकीची ड्रिलने लांबट करा, कड घासा, फिलर भरा, परत घासा. फायबरग्लासची ती धूळ, अंघोळ केली तरी खाज जात नाही, आणि बोल्ट जरा जास्त आवळला की कट्ट, जेलकोटला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, तडा. पॉलियुरेथेन प्लास्टिकचं घ्या म्हणे, लवचिक असतं. हो ना, पॅकिंगमध्येच वाकडं होऊन येतं, मग बसा हीटगनने शेकत! विकणारा वर सांगतो, 'थोडी ॲडजस्टमेंट लागतेच'. थोडी?? मी बंपर घेतलाय की बंपरचा कच्चा माल?