खाजगी पेन्शन पटवून घेण्याची पथ्ये

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर आपण महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत लागला असाल, म्हणजे जुनी पेन्शन योजना आपल्याला लागू नसेल, तर गणपतीसाठी गावी आलेला एखादा मुंबईकर नातलग आरती आटोपल्यावर पडवीत बसून, पेन्शन बाजारावर सोपवण्यातच, म्हणजे वर्गणी फंडामार्फत शेअर-रोख्यांत गुंतवून जे साठेल त्यावर म्हातारपण काढण्यातच, आपले कसे कल्याण आहे, हे आपल्याला समजावणारच. त्याचे म्हणणे मनापासून पटावे, म्हणून काही पथ्ये पाळावीत.

बाजार दीर्घ मुदतीत वाढतोच, हे ऐकताना परसातल्या हापूसकडे नजर जाऊ देऊ नये. पंचवीस वर्षांची सरासरी काढली तर बाग उत्तमच असते. पण ज्या वर्षी लेकीचे लग्न निघते, नेमका त्याच वर्षी अवकाळी पावसाने मोहोर काळा पडतो आणि मंडपवाल्याला सरासरी दाखवून भागत नाही. निवृत्तीची तारीखही बाजार पाहून ठरत नाही.

निवृत्त होताना फंडात साठलेल्या रकमेतील किमान ४० टक्के देऊन वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून आयुष्यभर मिळणारी ठरावीक रक्कम, घ्यावी लागते. तिचे कोष्टक ओळीवर बोट ठेवून वाचू नये. दर समजा ६ टक्के धरला, तर १० लाखांवर साध्या वार्षिकीचे महिन्याला ५ हजार मिळतात, आणि पंधरा वर्षांनीही ५ हजारच, कारण महागाई भत्ता हा शब्द त्या कागदावर नसतो. जुन्या पेन्शन योजनेतल्या शेजारच्या निवृत्त गुरुजींना मात्र अखेरच्या मूळ पगाराच्या निम्मे पेन्शन आणि वर महागाई भत्ता मिळतो. म्हणून मासळीबाजारात ते भेटल्यास सुरमईच्या भावाचा विषय काढू नये.

जुन्या पेन्शनचा तिजोरीवर भार पडतो, हे तर खरेच आहे. मात्र नवी वर्गणी फंडात वळवल्यावरही जुन्या पेन्शनधारकांचे पैसे तिजोरीतूनच द्यावे लागतात आणि नव्यांसाठी मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १४ टक्के सरकारी वर्गणी वेगळी, हा हिशेब पाहुण्यासमोर मांडू नये. बाजार इतका भरवशाचा असताना केंद्राला १ एप्रिल २०२५ पासून पुन्हा निम्म्या पगाराची हमी देणारा पर्याय का काढावा लागला, हेही विचारू नये.

चिलीचा दाखला येईलच. तेथे १९८१ मध्ये लष्करी राजवटीने पेन्शन खाजगी केली, हे ऐकून मान डोलवावी. त्या राजवटीने स्वतःच्या सैन्याला मात्र जुन्याच व्यवस्थेत ठेवले, हे आठवू नये. आपल्याकडेही केंद्राने २००४ मध्ये आणलेल्या बाजाराधारित पेन्शन योजनेतून सेनादले वगळली आहेत आणि माजी आमदारांची पेन्शन कोणत्याही फंडाच्या चढउतारावर अवलंबून नाही. पाहुण्याची स्वतःची पेन्शन जुनी की नवी, हे विचारणे तर शिष्टाचाराला सोडूनच होईल. त्यापेक्षा त्याच्या पानात आणखी एक मोदक वाढावा.