गळ्यात पडलेला स्वेटर

विणकामाच्या पॅटर्नवर ‘सोपा’ असं छापलेलं दिसलं की मी आता दोनदा विचार करते. या स्वेटरच्या पॅटर्नवर तर एका ओळीत तीन विशेषणं होती: सोपा, स्वस्त, बिनशिवणीचा. तिन्ही खरी आहेत, हे आधीच सांगून टाकते. कुणी कुणाला फसवलेलं नाही. पण वाचवलेले श्रम कुठे हवेत विरत नाहीत. शिवणीतून निघतात आणि गणितात जाऊन बसतात.

जुन्या पद्धतीच्या स्वेटरचे चार तुकडे असतात. पुढचा भाग, मागचा भाग आणि दोन बाह्या. ते सगळे विणून झाले की मोठ्या सुईने एकमेकांना जोडायचे. या शेवटच्या पायरीवर माणसं हाय खातात. कित्येक घरांत पाठ, पोट आणि दीड बाही असा ऐवज पिशवीत वर्षानुवर्षं पडून असतो. वरून खाली विणायच्या स्वेटरला ती भानगडच नाही. गळ्याशी टाके घालायचे, गोल सुईवर (म्हणजे लवचीक तारेने जोडलेल्या दोन सुयांवर) फिरत राहायचं, चार ठिकाणी टाके वाढवत खांदे काढायचे, बाह्यांचे टाके बाजूला ठेवून धड पुरं करायचं, मग बाह्या. वाचायला एवढंच.

हा स्वेटर भाच्यासाठी होता. ताईचा मुलगा, वय चौदा. रंग कुठला हवा विचारलं तर म्हणाला, “काळा. नाहीतर मग काळ्यासारखा कुठलाही.” काळ्या लोकरीवर टाका दिसत नाही, तो चाचपावा लागतो, हे त्याला कुठून माहीत असणार! मी दिव्याची जागा बदलली, खुर्चीची बदलली, शेवटी चष्म्याचा नंबर बदलला.

स्वस्त म्हणजे अर्थातच ॲक्रिलिक. ड्यूपाँ कंपनीने १९५० मध्ये ‘ऑरलॉन’ या नावाने असा धागा बाजारात आणला, तेव्हापासून मेंढ्यांवरचा भार जरा हलका झाला असावा. ॲक्रिलिकला कसर लागत नाही, ते मशिनमध्ये धुता येतं, धुतल्यावर आटून बाहुलीच्या मापाचं होत नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या कपड्याकडून याहून जास्त काय मागायचं? दुर्गुण म्हणाल तर शिस्त लावून घ्यायची तयारी कमी. खऱ्या लोकरीचा वाकडातिकडा स्वेटर ओला करून, ताणून, टाचण्या लावून वाळवला की बराच सरळ वागायला लागतो. ॲक्रिलिकवर असल्या संस्कारांचा फारसा परिणाम होत नाही, आणि चिडून इस्त्री फिरवलीत तर ते कायमचं लुळं पडतं. शिवाय गुंड्याच्या पोटात गाठ असते. कारखान्यात एक धागा संपला की दुसरा जोडून पुढे गुंडाळतात. ही गाठ काखेत, शिवणीत, जिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी कधी येत नाही. शिवण तर नाहीच. ती छातीच्या मधोमध येते.

सुयांचं तर निराळंच शास्त्र. ‘आठ नंबरची सुई घ्यावी’ असं एखाद्या पॅटर्नमध्ये असेल तर तो कुठल्या देशात जन्मला याची चौकशी करावी. जुन्या ब्रिटिश मापात आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन मापात ५. ब्रिटिशांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, अमेरिकनांचा वाढतो तशी जाड. मी मिलिमीटर छापलेली सुई घेते आणि दोन महासत्तांच्या भांडणातून अंग काढून घेते.

मग नमुन्याचा चौकोन. स्वेटर सुरू करण्याआधी त्याच लोकरीचा, त्याच सुईने एक तुकडा विणून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं असतं. भाच्याने तो तुकडा उचलून पाहिला.

“हे काय आहे?”

“तुझ्या स्वेटरचा नमुना.”

“मावशी, फार लहान आहे.”

पण त्या लहान तुकड्यात सगळं भविष्य लिहिलेलं असतं. पॅटर्नप्रमाणे दहा सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसायला हवेत. धडाचे टाके १७२, म्हणजे घेर साधारण ९६ सेंटिमीटर. हात जरा घट्ट असला आणि तेवढ्यात २० टाके बसले की तोच घेर ८६ वर येतो. सैल हाताने १६ बसले तर १०७ च्या पुढे जातो. फरक फक्त दोन टाक्यांचा, पण तेवढ्यात भाचा एकदा अडकतो आणि एकदा हरवतो. बरं, हा तुकडा सपाट विणूनही चालत नाही. सपाट विणताना एक ओळ सुलट आणि एक उलट येते, गोल विणताना सगळंच सुलट. आणि पुष्कळांचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा अंमळ सैल पडतो. म्हणून नमुनासुद्धा गोल विणायचा. एवढं करूनही हात काही यंत्र नव्हे. बातम्या बघत विणलेल्या पट्ट्यात माझे २० टाके बसतात. कोण काय बोललं त्यावर अवलंबून कधी २१.

एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) नावाच्या एक विणकरीण होत्या, जन्माने इंग्लंडच्या, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या. गोल सुईवर बिनशिवणीचे स्वेटर विणा, असा त्यांनी हयातभर प्रचार केला. त्यांची एक पद्धत आहे: छातीच्या टाक्यांना शंभर टक्के धरायचं आणि बाही, गळा, मनगट सगळं त्याच्या टक्केवारीत काढायचं. पद्धत बिनचूक आहे. माझी तक्रार एवढीच की टक्केवारी मी शाळेत सोडून आले होते, ती माझा पत्ता काढत सुईपर्यंत पोचली.

गळ्याला ८० टाके घातले. आता टोकाला टोक जोडून गोल करायचं, आणि इथे पॅटर्न एकदम गंभीर होतो. ‘टाके पिळले जाणार नाहीत याची काळजी घ्या’ असं ठळक अक्षरांत. पिळले तर जे तयार होतं ते मोबियस पट्टीच्या, म्हणजे अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीच्या, नात्यातलं असतं. ऑगस्ट मोबियस आणि योहान लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांना ती १८५८ मध्ये, एकमेकांना न विचारता सुचली. खऱ्या मोबियस पट्टीला आत आणि बाहेर असा भेद नसतो. तिला एकच बाजू असते. वेदान्तात हे फार वरच्या पायरीवर येतं, पण स्वेटरमध्ये भाच्याला आत शिरायला ‘आत’ लागतं. काही फेऱ्या पुढे गेल्यावर पीळ लक्षात आला तर तो नुसता इकडून तिकडे सरकतो, जात नाही. उसवणं हाच उपाय. म्हणून मी सुई टेबलावर पसरते, टाक्यांच्या गाठी सगळ्या आतल्या अंगाला वळवते, बोट फिरवून पाहते, उलटं फिरवून पाहते. त्या वेळी घरातले लोक न सांगता पंखा बंद करतात.

नंतरचा भाग खरोखर सोपा आहे, म्हणून फसवा आहे. चार मार्कर, म्हणजे खुणेच्या कड्या, सुईवर लावायचे आणि एका आड एक फेरीत प्रत्येक मार्करच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा. म्हणजे दर वेळी आठ. सुरुवातीला ८० टाक्यांची फेरी चुटकीसरशी होते, तासाभरात कॉलर दिसायला लागते, माणसाला वाटतं की आपण चार दिवसांत अख्ख्या खानदानाला लोकर पांघरू. वाढ २५ वेळा झाली की टाके होतात २८०. तेव्हा एक फेरी पहिल्या फेरीच्या साडेतीन पट असते. तीच माणसं, तेच हात, तेवढाच वेळ, आणि स्वेटर लांबायचं नाव घेत नाही. जितकं विणाल तितकं कमी दिसतं. चालू वस्त्राचे हिशेब करू नयेत म्हणतात ते खरं, मी केला. खांदे सुमारे ९,००० टाके, धड साडेचौदा हजार, दोन्ही बाह्या ११,०००. पस्तीस हजारांच्या घरात. हा छोटा स्वेटर.

टाके मोजणं हा यातला रोजचा उपास. मी मोजत असताना बोलायचं नाही, हे घरात सगळ्यांना पाठ झालं आहे. त्यामुळे नवरा आता बोलत नाही. दारात येऊन उभा राहतो आणि माझं मोजून व्हायची वाट बघतो. अत्यंत सभ्यपणे. त्याला काय विचारायचं असेल हा विचार साधारण १४० व्या टाक्याला माझ्या डोक्यात शिरतो आणि १४१ बाहेर पडतो. पुन्हा पहिल्यापासून. एकदा सगळे २८० मोजून मान वर केली, तर तो म्हणाला, “काही नाही, मापात आलं का विचारत होतो.”

या पद्धतीचं सगळ्यात मोठं कौतुक सांगतात ते म्हणजे विणता विणता घालून बघता येतं. येतं. त्यासाठी २८० टाके सुईवरून एकेक करून लांब धाग्यावर उतरवायचे, घालून बघायचं आणि पुन्हा एकेक करून सुईवर चढवायचे. ८० टाक्यांचा गळा म्हणजे ४४ सेंटिमीटर, आणि मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर ५६ च्या आसपास असतो. टाके सैल घातलेले असले तर गळा ताणून बसतो. बसला, फक्त दोन्ही कान वाटेत आले. भाचा हात पसरून आरशासमोर उभा. खांद्यांवर काळी झालर, तिच्या कडेने लाल धागा लोंबतोय.

“मावशी, हा एवढाच आहे?”

“अजून खाली वाढायचाय.”

“आणि गळा पुढून टोचतोय.”

तो टोचणारच होता. मागचा गळा थोडा उंच करण्यासाठी अर्धवट फेऱ्या विणून परत फिरण्याची एक युक्ती असते. सोप्या पॅटर्नमध्ये ती गाळतात, म्हणून तर ते सोपे. “मग उलटा घालतो,” म्हणत त्याने स्वेटर फिरवला. काही फरक पडला नाही. या स्वेटरला पाठ आणि पोट हुबेहूब सारखं असतं, कुठूनही घाला, गळा समोरच टोचतो.

धडाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. १७२ टाके, सुलट, गोल, पुन्हा गोल. जगात घडामोडी होत राहतात.

खरी मौज काखेत आहे. बाह्यांचे बाजूला ठेवलेले ६२ टाके सुईवर घ्यायचे आणि काखेतल्या कडेतून नवे आठ उचलायचे. जुन्या आणि नव्या टाक्यांच्या सांध्यात, दोन्ही कोपऱ्यांत, भोक पडतं. ते पडतंच, त्यात विणणारीचा दोष नाही, तिथे कापड दोन दिशांना ओढलं जातं. जाणत्या बायका सांध्यात एकेक जादा टाका उचलून पुढच्या फेरीत जोडून टाकतात. तरी चिमूटभर भोक राहिलंच तर काय करायचं? धाग्याचं शेपूट सुईत ओवायचं आणि शिवून टाकायचं. बिनशिवणीच्या स्वेटरला.

आणि बाही विणताना अख्खा स्वेटर मांडीवर असतो. दर फेरीला तो फिरवावा लागतो, नाहीतर धागा त्याच्याभोवती वेढे घेतो. झोपलेल्या मांजरासारखा हा ऐवज आधी उजवीकडे वळवा, मग डावीकडे, आणि त्याची ऊब आपल्याला ऐन उकाड्यातही फुकट. पहिली बाही संपल्याचा आनंद फार अल्पजीवी. लगेच दुसरी सुरू करायची, हुबेहूब तशीच, तेवढ्याच फेऱ्यांना तेवढेच टाके कमी करत. या तिरक्या बाहीला ज्यांचं नाव आहे त्या ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॅग्लन यांचा उजवा हात १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत जखमी होऊन कापावा लागला होता. त्या हाताबद्दल मला सहानुभूती आहे. पण दुसऱ्या बाहीच्या मध्यावर असताना माझ्या मनात सहानुभूतीऐवजी हिशेब आला, हेही नमूद करते.

स्वेटर झाला. छान झाला. भाच्याने घातला आणि अंगावरून उतरवलाच नाही. आणि तो वाढायला लागला. या वयात मुलं वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर सहज उंच होतात, त्यातही हातपाय आधी धावतात, धड मागून येतं. मनगटं बाहेर आली. इथे मात्र या पद्धतीला सलाम. खालच्या कडेचे बंद केलेले टाके सोडवायचे, सुईवर घ्यायचे आणि पुढे विणायचं. जोड कळत नाही. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे गॅन्सी स्वेटर असेच, बाह्या खांद्यापासून मनगटाकडे विणलेल्या. झिजलेलं मनगट उसवून तेवढंच नवं करता यायचं. तेव्हापासून मी उरलेला काळा गुंडा हाताशी ठेवला आहे. भाचा दर सुट्टीत येतो, हात पुढे करतो, मी दोन बोटं विणून देते. स्वेटर कधी पुरा झाला असं म्हणताच येत नाही.

उंचीचं हे असं जमतं. रुंदीचं नाही. परवा ताईचा फोन आला. म्हणाली, “अगं, पोहायला लागल्यापासून खांदे असे भरलेत त्याचे, स्वेटर काखेत काचतोय. थोडा सैल करून देशील?” खांदे म्हणजे सगळ्यात वर. तिथवर पोचायला कड, धड, दोन्ही बाह्या आणि काखेतली ती बुजवलेली भोकं, सगळं खालून वर उसवत जावं लागतं, थेट गळ्याखालच्या पहिल्या मार्करपर्यंत. मी म्हटलं, ताई, बुद्धिबळाचे वर्ग असतात ना गं, त्यात घाल त्याला.