‘चालत्या गाडीला हात लावू नका’? लावा, पण पंधरा दिवस आधी

गणपती जवळ आले की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांकडे मोटरसायकल नाही. मजकूर थोडक्यात असा: ‘गावी टू-व्हीलरवर जाणाऱ्यांसाठी. गाडी जुनी असेल तर निघण्याआधी गॅरेजला दाखवू नका, चालत्या गाडीला हात लावला की ती बिघडते. फक्त आदल्या दिवशी ऑइल बदला, इंजिन जुनं असेल तर जाड ऑइल घाला. चेन टाइट करा, टायरची नक्षी बघा, घाटासाठी ब्रेक आवळून घ्या. घाट उतरताना न्यूट्रल, पेट्रोल वाचतं. जुन्या गाड्या लोखंडाच्या, त्यांना काही होत नाही. झालंच तर रस्त्यात पावलोपावली मेकॅनिक आहेत.’

माझ्याकडे २००५ ची स्प्लेंडर आहे. पुण्याहून आजरा-आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला ती माझ्या बुडाखाली इतक्या वेळा गेली आहे की आता मी मोजत नाही. त्या जोरावर लिहितो.

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी दुसऱ्याच दिवशी रस्त्यात रुसते, हा अनुभव कोणाला नाही? एका वर्षी मीही निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी दाखवली. गॅरेजमध्ये गणपतीची गर्दी, पोरगा नवा. साताऱ्याच्या अलीकडे डावा बूट ओला लागला म्हणून खाली पाहिलं, तर इंजिनखालच्या ड्रेन बोल्टपासून ऑइलचा ओघळ. बोल्ट हाताने फिरत होता. पण यात चूक हात लावण्याची नव्हती, वेळेची होती. तेच काम पंधरा दिवस आधी केलं असतं, तर तो ओघळ मला ऑफिसच्या पार्किंगमध्ये फरशीवर दिसला असता.

म्हणून हिशोब सोपा ठेवायचा. जे काही खोलायचं, बदलायचं ते दोन आठवडे आधी. मग रोजच्या कामाला शे-दीडशे किलोमीटर गाडी चालवायची, शक्य झाल्यास एखाद्या रविवारी सामान बांधून एक घाट चढून-उतरून यायचं. त्यानंतर सगळे नट एकदा पान्याने चाचपायचे. शेवटच्या दोन दिवसांत हवा आणि धुणं, बस्स. गाडी स्वतः धुवावी, कारण फडकं फिरवताना जे सापडतं ते नुसतं बघून सापडत नाही: तुटलेला स्पोक, मडगार्डचा गेलेला बोल्ट, शॉकअपच्या नळीवरचा तेलाचा पट्टा.

आता ऑइल. ते बदलायलाच हवं, वाद नाही. पण ‘जुनं इंजिन, जाड ऑइल’ हा तोडगा म्हणजे धाप लागणाऱ्या माणसाला ब्लँकेट पांघरण्यातला प्रकार. कंपनीने पुस्तकात जी ग्रेड दिलीय ती ऑइलच्या वाटा किती रुंद आहेत आणि पंप किती जोराचा आहे हे बघून दिलेली असते. त्याहून जाड ऑइल सकाळच्या गारठ्यात वर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि तेवढा वेळ धातू धातूवर घासतो. इंजिन खरोखर ऑइल पीत असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर जाड ऑइलने धूर थोडा झाकला जातो. पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजायचं थांबत नाही. अशा गाडीवर जायचंच असेल तर रोज सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काठी, बघणं हा खरा उपाय. स्प्लेंडरसारख्या गाडीत ती डबल स्टँडवर बघायची, आणि काठी पुसून नुसती भोकात टेकवायची, आटे फिरवून बसवायची नाही. बसवून पाहिलं तर ऑइल आहे त्याहून जास्त दिसतं.

आणि एक. कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतणारे महाभाग आहेत. आपल्या बहुतेक गाड्यांचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडलेला असतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लचप्लेटा घसरायला लागतात; चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ (अशा तेलात बुडलेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं आहे ना, एवढं बघा.

चेन टाइट करा, हा त्या मेसेजमधला सर्वांत महाग पडणारा सल्ला. गाडी स्टँडवर असताना चेन तारेसारखी ताणलीत की छान वाटतं, खळखळ बंद होते. मग तुम्ही बसता, मागे बायको बसते, वर नारळाची पिशवी, आणि गाडी खड्ड्यात आपटते. मागचं चाक वर येतं ते चिमट्याच्या (चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांच्या) पुढच्या टोकाच्या बुशभोवती, बिजागरीसारखं फिरून. चेन फिरवणारं पुढचं छोटं सॉकेट (दातेरी चक्र) त्या बुशच्या बरंच पुढे बसलेलं असतं. त्यामुळे चाक वर येताना दोन सॉकेटांमधलं अंतर वाढतं. ते वाढायला चेनमध्ये ढील शिल्लक नसेल, तर ओढ सरळ गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर येते. चेन तुटली तर स्वस्तात सुटलात म्हणायचं.

मधोमध बोटाने खाली-वर केल्यावर साधारण अडीच-तीन सेंटीमीटर खेळ हवा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे. चाक हळूहळू फिरवत चार-पाच ठिकाणी बघायचं, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी वाढत नाही. जिथे ती सर्वांत घट्ट लागते तिथला खेळ धरायचा. एका जागी लोंबतेय आणि अर्धा फेरा फिरवला की ताठ होतेय, तर ती ताणून उपयोग नाही, चेनसॉकेटचा पूर्ण सेट बदला. नुसती चेन बदलू नका. झिजून आकड्यासारखे वाकलेले दाते नवी चेन दोन महिन्यांत खातात.

स्प्लेंडरवाल्यांची वेगळी गंमत असते. चेन पूर्ण पत्र्याच्या कव्हरमध्ये, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणी बघतच नाही. कव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढून बोट आत घाला. बोटाला काळं तेल लागलं तर ठीक. तांबडी पूड लागली तर चेन उपाशी आहे. आणि कव्हर उघडलंच आहे तर चेनलॉकची क्लिप बघा: तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या बाजूला हवं. उलटी बसवलेली क्लिप एखाद्या काडीला अडकून निघते आणि पुढचं तुम्हाला कळायच्या आत होतं.

टायरची नक्षी बघा म्हणतात. बघा, पण त्याआधी वय बघा. टायरच्या बाजूला लांबलचक अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. ३२१७ म्हणजे २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. आठवड्यातून दोनदा बाजारात जाणाऱ्या गाडीची नक्षी दहा वर्षंही टिकेल, पण रबर तोवर पाटीसारखं कडक झालेलं असतं, आणि पहिल्या पावसात आंबोलीच्या वळणावर ते तुम्हाला समजतं. हवा काढून वाकवून पाहिलं की बाजूला बारीक चिरा दिसतात. तसा टायर बदला आणि त्याबरोबर ट्यूबही. नव्या टायरमध्ये जुनी, पाच ठिगळांची ट्यूब घालून चारशे रुपये वाचवणाऱ्यांपैकी मीही होतो. हवा सकाळी, टायर गार असताना भरायची. दोघं आणि सामान असेल तर मागच्या टायरला एकट्यापेक्षा बरीच जास्त लागते, आकडे गाडीवरच्या स्टिकरवर असतात.

ब्रेक आवळून घ्या. ह्याचा अर्थ बहुतेक जण मागच्या रॉडचा नट चार फेरे फिरवतात. पायाला कडक लागतो, मन निवतं. पण पेडलला थोडी रिकामी चाल राहिलीच पाहिजे. ती नसेल तर ब्रेकचे शू सतत चाकातल्या ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, शूवरच्या लायनरची पकड ऐन उतारावर कमी होते. चार-पाच किलोमीटर चालवून, ब्रेक न वापरता थांबून, हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावा. चटका बसला तर ब्रेक लागून राहतोय. आणि आवळत जाऊन शू संपल्याचं लपतं. ड्रमच्या प्लेटवर, जिथे ब्रेकचा हात बसतो तिथे, एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण समोरच्या खुणेला पोचला की शू संपले, मग नट कितीही फिरवा.

पुढे डिस्क असेल तर पॅडइतकंच ब्रेक ऑइल महत्त्वाचं. ते हवेतलं पाणी शोषत राहतं, आणि पाणी मुरलेलं ऑइल लांब उतारावर तापून आत वाफेचे बुडबुडे धरतं. लिव्हर मग ग्रिपला जाऊन टेकतं आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षांत बदललं नसेल तर बदलून घ्या. बाटलीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल तर वर्षं मोजत बसू नका.

घाटात न्यूट्रल करण्याबद्दल काय लिहायचं? ज्या गिअरात चढला असता त्याच्या आसपासच्या गिअरात उतरा. वाचणाऱ्या कपभर पेट्रोलपेक्षा इंजिनाने धरलेली गाडी बरी.

‘जुन्या गाड्या लोखंडाच्या.’ हे वाक्य ऐकलं की मला माझ्या गाडीचं इंजिन आठवतं, ते बाहेरून बहुतांशी ॲल्युमिनियमचं आहे. पण ते सोडा. लोखंड म्हातारं होत नाही हे मान्य. गाडीत रबर किती आहे हे कधी मोजलंय का? टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा पाइप, कार्बोरेटर आणि इंजिनमधला जोड, चिमट्याचे बुश, मागच्या हबमधलं रबर, शॉकअपचे सील, डिस्कचा होज. हे सगळं गाडी उभी असतानाही म्हातारं होतं. माझ्या गाडीचं इंजिन आजवर रस्त्यात एकदाही बंद पडलेलं नाही. जे काही झालं ते रबर, केबल आणि नट-बोल्ट यांच्यामुळे.

त्यात आता पेट्रोल बदललं. २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण देशभर पंपांवर आलं. माझ्यासारख्या जुन्या गाड्यांचे पाइप आणि वॉशर हे मिश्रण डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले नाहीत. त्यामुळे गाडी उद्या पेटेल असं मुळीच नाही. पण पाइप दर वर्षी चिमटीत दाबून बघायला हवा. कडक लागला, टोकाला फाटल्यासारखा दिसला, की कापून टाका. पाइपाची किंमत दोन चहांच्या वर नाही. कार्बोरेटरच्या जोडाला चीर असेल तर तिथून फुकटची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज करतं. आणि हे इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यानंतर कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर सकाळी गाडी किक का खात होती ते समजेल.

टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाबद्दल, दोन शब्द, कारण ‘गाडी किती शांत चालतेय’ म्हणून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. किंचित टिकटिक करणारा टॅपेट बरा. पूर्ण गप्प झालेला टॅपेट फार घट्ट असू शकतो. व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि लांबच्या पल्ल्यात जळतो. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली गॅप इंजिन पूर्ण थंड असताना, फीलर गेज (मापाची पातळ पट्टी) घालून लावतात. गाडी नेल्या नेल्या, गरम इंजिनावर, कानाने टॅपेट लावून देणारा फिटर कितीही जुना असला तरी त्याला नको म्हणा.

राहता राहिले पावलोपावली भेटणारे मेकॅनिक. स्प्लेंडरचा पार्ट किराणा दुकानातही मिळेल, हे मी कबूल करतो; यामाहाच्या जुन्या, बंद झालेल्या आरएक्स-१०० वाल्याने त्या भरवशावर राहू नये. पण पार्ट मिळणं आणि तो त्या वेळेला मिळणं यात फरक आहे. सात-आठ वर्षांपूर्वी हरतालिकेच्या संध्याकाळी आजऱ्याच्या पुढे, जंगलाचा पट्टा सुरू होतो तिथे, माझं क्लचलिव्हर एकाएकी पोकळ झालं. पाऊस, अंधार, मागच्या सीटवर बांधलेलं सामान. स्प्लेंडर क्लचशिवाय चालवता येते: न्यूट्रलमध्ये चालू करायची, ढकलत पळायचं, पहिला दाबायचा आणि उडी मारून बसायचं. तिसऱ्या प्रयत्नात बसलो आणि आजऱ्याला परत आलो. फिटरचं घर सापडलं, पण त्याच्या दारात मखर उभं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा गणपती बसला, नैवेद्य झाला, त्याने मलाही जेवायला बसवलं आणि मग दुकान उघडलं. आमचा गणपती वेंगुर्ल्यात तोवर माझ्याविना बसला होता.

आता टाकीखालून जुन्या केबलच्या शेजारीच एक नवी क्लचकेबल टेपने बांधलेली असते, दोन्ही टोकं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. जुनी तुटली तर फक्त टोकं अडकवायची. सोबत प्लग, प्लगपाना, एक ट्यूब, चेनलॉक आणि दोन फ्यूज.

त्या दिवशी फिटरने तुटलेल्या केबलचं लिव्हरकडचं टोक माझ्यासमोर धरलं होतं. तारांची बहुतेक टोकं काळी, गंजलेली. चकचकीत, ताजी तुटलेली तार फक्त दोन-तीन. “हे आज तुटलेलं न्हवं, दादा,” तो म्हणाला आणि माझ्या हातात नवी केबल दिली.