कॉर्टिसोल नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'ब्राउन शुगर सोडणाऱ्याची तलफ आता रक्तात मोजता येते. कॉर्टिसोल नॉर्मल आलं की तलफ संपली. मग जिभेखालची गोळी बंद करा, तीही नशाच.' ब्राउन शुगर म्हणजे अफूपासून बनणारं हेरॉइन, आणि जिभेखालची गोळी म्हणजे त्या व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन हे औषध. मंदसौर-नीमचचा अफूपट्टा आपल्यापासून फार लांब नाही. हे वाचून एखाद्या घरात खरंच गोळी बंद होईल, याची मला धास्ती वाटते.

तलफ रक्तात मोजता येते? संशोधक कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन, बीडीएनएफ नावाचं प्रथिन, मेंदूचे स्कॅन असं बरंच काही तपासतात आणि गटांच्या सरासरीत फरक सापडतातही. पण एकट्या माणसाच्या आकड्यावरून त्याची तलफ ओळखता येत नाही. कॉर्टिसोल सकाळी चढलेलं असतं, रात्री उतरतं. तापाने वाढतं, घरातल्या भांडणानेही वाढतं. लघवीच्या तपासणीत अलीकडे नशा केली का एवढंच कळतं. म्हणून डॉक्टर आजही रुग्णालाच विचारतात: शून्य ते दहामध्ये तलफ किती?

'नॉर्मल म्हणजे संपली' हा तर उलटा अर्थ झाला. मेथाडोन या व्यसनावरच्या अशाच दुसऱ्या औषधावर स्थिरावलेल्या रुग्णांची बिघडलेली हार्मोनव्यवस्था पूर्वपदावर येते, हे अमेरिकन संशोधक मेरी जीन क्रीक यांच्या संशोधनातून पुढे आलं. म्हणजे उपचार चालू असताना आलेला चांगला रिपोर्ट हा औषधाचाच गुण असू शकतो. त्याच रिपोर्टच्या भरवशावर औषध कसं काढून घ्यायचं?

'गोळी म्हणजे नशाच' हेही खरं नाही. हेरॉइन मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) काम करतं, त्यांवरच ब्युप्रेनॉर्फिन बसतं, पण त्यांना अर्धवटच चेतवतं. नेमाने घेणाऱ्याला किक बसत नाही, तलफ मात्र आटोक्यात राहते. २००५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

सगळ्यात घातक आहे तो 'बंद करा' हा सल्ला. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून छापले गेले: ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना दर हजार व्यक्ति-वर्षांमागे (म्हणजे हजार माणसांमागे वर्षभरात) ४.३ मृत्यू, थांबल्यावर ९.५. नशेपासून दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटते आणि गोळी सुटून माणूस परत नशेकडे वळला, तर जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. डोस कमी करायचा असेल तर तो डॉक्टरांशी बोलून, हळूहळू. आणि कुणाच्या घरी गोळी आधीच सुटली असेल, तर श्वास मंदावणं, ओठ निळे पडणं, हाक मारूनही जाग न येणं ही लक्षणं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. तसं काही दिसलं तर लगेच १०८ लावा.