बस बंद केल्यानं खोदलेला रस्ता रुंद होत नाही

'मुंबईत रस्त्यांची कामं चालू आहेत तोवर बेस्टच्या बस बंद ठेवा' असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी तो सोडून दिला होता. काल तोच आमच्या मामांनी पाठवला, वर 'विचार करण्यासारखं आहे' असा शेरा मारून. मामांनी गाडी केव्हाच विकली आहे आणि मामी गुडघ्याच्या फिजिओथेरपीला बसनंच जाते. स्वतःच्या पायावर धोंडा पाडणारे मेसेज माणसं किती उत्साहानं पुढे ढकलतात! म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मेसेजची सुरुवात अशी: 'रस्त्याची कामं रात्री होतात, बस दिवसा धावतात, मग संबंध येतोच कुठे?' लिहिणाऱ्यानं काँक्रीटचा रस्ता होताना पाहिलेला दिसत नाही. डांबराचा थर रात्री टाकून सकाळी त्यावरून गाड्या सोडता येतात, हे खरं. पण महापालिकेनं दोन टप्प्यांत जे सुमारे 700 किलोमीटर रस्ते हाती घेतले, ते काँक्रीटचे. काँक्रीट ओतलं की त्यावर ओलं गोणपाट अंथरून पाणी मारत राहावं लागतं, आणि त्याची पुरी ताकद 28 दिवसांनी धरतात. त्याच्याही आधी गटारासाठी आणि केबलींसाठी चर खणायचा. हे सगळं अर्ध्या रस्त्याचं झालं. तो उघडला की उरलेल्या अर्ध्यावर पहिल्यापासून तेच. कामाभोवतीचे पत्रे रात्री लावून सकाळी कुणी काढत नाही.

पुढचा मुद्दा, 'वळसा जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा, दोन मिनिटं जास्त लागतात.' दोन मिनिटं रिकाम्या रस्त्यावर. जिथे बाकी सगळ्या गाड्याही त्याच गल्लीत घुसलेल्या असतात तिथे नाही. आणि उशीर हा मामला नुसत्या एका बसपुरता नसतो. समजा एका मार्गावर आठ बस आहेत आणि जाऊन-येऊन फेरीला दोन तास लागतात. म्हणजे स्टॉपवर दर पंधरा मिनिटांनी एक बस. खोदकामामुळे फेरी दोन तास चाळीस मिनिटांची झाली, तर त्याच आठ बस वीस मिनिटांनी एक मिळणार. आठ तासांच्या पाळीत चार फेऱ्यांच्या तीन होतात. डेपोतून एकही बस कमी निघालेली नाही, कागदावर सगळं ठीक, आणि सेवा मात्र चौथाईनं घटली. शिवाय जी बस उशिरा येते तिच्यासाठी स्टॉपवर जास्त माणसं जमतात, त्यांना चढवताना बस आणखी मागे पडते, आणि मागची रिकामी बस तिला गाठते. अर्धा तास काही नाही आणि मग एकामागोमाग तीन, हा जो अनुभव सगळ्यांना आहे त्याचं कारण हे. कंडक्टर-ड्रायव्हर कुठे चहा पीत बसलेले नसतात. (मेसेजमध्ये तोही एक मुद्दा आहेच. त्यावर एवढंच पुरे.)

वळशाचं म्हणाल तर प्रभादेवीचा रेल्वेवरचा एल्फिन्स्टन पूल घ्या. 12 सप्टेंबर 2025 ला तो पाडण्यासाठी बंद झाला. पश्चिमेकडून परळच्या केईएम किंवा टाटा रुग्णालयात जायचं, तर आता एकीकडे दादरचा टिळक पूल, नाहीतर करी रोडचा पूल. दोन मिनिटं म्हणणाऱ्यानं एकदा सकाळी दहा वाजता हे करून पाहावं.

आता मुख्य गोष्ट, जी वाचून माझं डोकं फिरलं. 'बस बारा मीटर लांब, त्यातून निम्म्या रिकाम्या. त्या काढल्या की अरुंद रस्त्यावर ट्रॅफिक आपोआप सुटेल.' वरवर पटतं, म्हणून तर मामांना पटलं. पण रस्त्यावरून गाड्या न्यायच्या आहेत की माणसं? अमेरिकेतल्या शहर-वाहतूक अधिकाऱ्यांची नॅक्टो नावाची संघटना आहे. तिच्या मार्गदर्शिकेत हा हिशेब सरळ मांडला आहे. एका लेनमधून तासाला खासगी मोटारींतून 600 ते 1,600 माणसं जातात. त्याच लेनमध्ये मोटारींबरोबर भरपूर बस असतील तर 1,000 ते 2,800. आणि लेन फक्त बससाठी राखली तर 4,000 ते 8,000. दोनाची एक लेन उरली की बस काढायची नसते, आधी तिला वाट द्यायची असते. रस्ता जितका कमी, तितकी बसची गरज जास्त. मेसेज नेमका उलटा आहे.

आणि बस काढल्यावर बसमधली माणसं कुठे जाणार? ती काही हवेत विरत नाहीत. उपनगरात एका बसमधली पन्नास माणसं रिक्षात बसवली, तिघं-तिघं, तर सतरा रिक्षा लागतील. नाकाला शेपूट लावून उभ्या केल्या तरी चाळीस मीटरच्या वर रांग जाते. बारा मीटर वाचवायला चाळीस मीटर! यातल्या निम्म्यांना रोजची रिक्षा परवडत नाही तो भाग वेगळाच. 9 मे 2025 पासून बसचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं, तेच कित्येकांना जड गेलं आहे.

खोदकामाचा भार आत्ताही बसवाल्यांवरच सगळ्यात जास्त पडतो. मामी जिथून बस पकडते तिथे स्टॉपचा खांब पत्र्यांच्या आत अडकलाय. नवा खांब नाही. पत्र्यावर कुणीतरी खडूनं बाण काढलाय, तोच स्टॉप. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये चर, त्यावर एक फळी टाकलेली. बस आली की फळीवरून उतरून, खडीतून चालत, हात दाखवत रस्त्याच्या मधोमध जायचं. लो-फ्लोअर बसचा फायदा ती फुटपाथला खेटून उभी राहिली तर. इथे खालून पाय उचलून चढावं लागतं, तेही मागच्या बाइकवाल्याचा हॉर्न ऐकत. आणि मेसेज म्हणतो, अडचण बसची होते.

एका मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. 'एकाच वेळी इतके रस्ते खोदायची गरज नव्हती.' नव्हतीच. काँक्रीट करणं चूक नाही, पण समांतर रस्ते एकदम उकरले की बस वळवायची कुठे? 2025 च्या सुरुवातीला खुद्द पालिकेलाच, नवं खोदू नका, आधी हातातलं संपवा, असं सांगावं लागलं. हेही खरं की सगळा दोष रस्त्यांचा नाही. बेस्टच्या स्वतःच्या बस आता मोजक्याच उरल्यात, बाकी भाडेतत्त्वावर, आणि एकूण ताफाही आटला आहे. गुळगुळीत रस्त्यावरही आज थांबावं लागेल. पण गाड्या कमी आहेत म्हणून उरलेल्याही बंद करा, हे कुठलं शहाणपण?

शेवटी धीर दिलाय, 'फक्त 31 मे पर्यंतच सोसायचं आहे.' ही पावसाआधी कामं थांबवायची तारीख. दरवर्षी 31 मेला काय होतं ते बघा. अर्धवट रस्ते पावसापुरते कसेबसे बुजवतात, मग हिंदमाता, गांधी मार्केट, सायनचा रोड नंबर 24 इथे पाणी भरलं की बस पुन्हा वळतात, आणि 1 ऑक्टोबरला खोदाईचा मोसम नव्यानं सुरू. पुलांना तर मोसमही नसतो. अंधेरीचा गोखले पूल 7 नोव्हेंबर 2022 ला बंद झाला, एक बाजू 26 फेब्रुवारी 2024 ला उघडली आणि पूर्ण खुला व्हायला मे 2025 उजाडला. मेसेजच्या हिशेबानं अंधेरीकरांनी तेवढी अडीच वर्षं बसशिवाय काढायची होती.