भांगड्याने महाराष्ट्र दिन साजरा होईल का?

लेकीच्या शाळेत परवा नायडॉक सप्ताह, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या संस्कृतीचा उत्सव, झाला. तो खरा जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो, पण तेव्हा आमच्याकडे सुट्ट्या, म्हणून शाळा पुढेमागे करतात. आदिवासींचा काळा-लाल झेंडा, मध्ये पिवळा सूर्य. मुलांनी ठिपक्यांची कासवं रंगवली, एका पाहुण्यांनी डिजरिडू हे फुंकून वाजवायचं लांब लाकडी वाद्य वाजवलं. लेक घरी आली ती गाल फुगवून तोच आवाज काढत.

शाळा हे मनापासून करते, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. आम्ही राहतो पश्चिम सिडनीत, धारुग या इथल्या मूळ आदिवासी लोकांच्या भूमीवर. डिजरिडू उत्तरेकडचं वाद्य. कॅनव्हासवरची ती ठिपक्यांची चित्रं 1971 च्या सुमारास पापुन्यात, म्हणजे इथून हजारो किलोमीटरवरच्या वाळवंटात सुरू झाली. सिडनीच्या लोकांनी वालुकाश्मावर मासे, कांगारू, देवमासे कोरले. ती चित्रं आजही कातळावर दिसतात. उद्या कुणी महाराष्ट्र दिनाला भांगडा ठेवला तर आपल्याला कसं वाटेल? भांगडा सुंदरच आहे, पण तो आपला नाही. इंग्रज आले तेव्हा या खंडात अडीचशेच्या वर भाषा होत्या. त्या सगळ्यांना एकाच रंगात बुडवून कौतुक करायचं, हे मला पटत नाही.

धारुग भाषा तर आपल्या मुलांच्या तोंडात आधीच आहे! डिंगो, वॉम्बॅट, वॉलबी ही प्राण्यांची नावं, हे सगळे सिडनीच्या भाषेतून इंग्रजीत गेलेले शब्द. पॅरामॅटा या उपनगराचं नाव बुरामट्टागल लोकांवरून आलं, त्यात 'बुरा' म्हणजे ईल मासा. निम्मं मराठी सिडनी पॅरामॅटाच्या आसपास राहतं. आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे?

आणि ब्लॅकटाउन. तिथे घर घेतलेले माझे चार तरी मित्र आहेत. गव्हर्नर मॅक्वारीने 1815 साली पॅरामॅटात आदिवासी मुलांसाठी एक शाळा काढली. आईबापांपासून वेगळं ठेवून त्यांना इंग्रजी आणि शिवणकाम शिकवायचे. 1823 मध्ये ती शाळा जिथे हलवली, त्या भागाला लोक 'ब्लॅक टाउन' म्हणू लागले. आज पत्त्यात आपण तेच नाव लिहितो. त्याच शाळेतली मारिया ही मुलगी. 1819 च्या परीक्षेत गोऱ्या मुलांना मागे टाकून ती पहिली आली. मोठी झाल्यावर, 1831 मध्ये, तिने भावाची जमीन मिळावी म्हणून गव्हर्नरकडे अर्ज केला. आज कितीतरी धारुग कुटुंबं तिचे वंशज आहेत, आणि ती याच गावांत राहतात.

ही गोष्ट लेकीला सांगितली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तिची आई तिला न्यायला यायची नाही?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

आपल्या मराठी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आपण तर आत्ता आलो, आपला काय संबंध?" मित्रा, घर घेतलंस ना? मग आहे संबंध.

शाळेच्या पालक समितीत मी नाव दिलंय. पुढच्या वर्षी एखाद्या धारुग आजींना मानधन देऊन बोलवावं, मुलांनी 'वरामी' म्हणून त्यांचं स्वागत करावं, असं मी सुचवलंय. ब्लॅकटाउनच्या त्या शाळेची जागा ओकहर्स्टला आहे. 2018 मध्ये ती धारुग लोकांना परत मिळाली. त्यांची हरकत नसेल तर मुलांना तिथे न्यायचंय. आपल्यापैकी कोण येतंय बरोबर?