अँटिबायोटिकचा डोस, मधाचे बोट आणि पाच महिन्यांचे बाळ

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. तिच्या पाच महिन्यांच्या मुलाला लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग झाला होता आणि डॉक्टरांनी सात दिवसांचे अँटिबायोटिक लिहून दिले होते. तिसऱ्याच दिवशी तिने ते बंद केले, कारण नव्या मातांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणारा एक संदेश तिच्यापर्यंत पोहोचला होता. पहिल्या वर्षात अँटिबायोटिकचा एक डोस जरी पोटात गेला, तरी आतड्यातले चांगले जिवाणू कायमचे मरतात आणि मूल पुढे हमखास लठ्ठ व मधुमेही होते. सिझेरियनच्या मुलांचे नुकसान तर जन्मतःच झालेले असते. यावर उपाय म्हणजे रोज सकाळी मध चाटवणे आणि प्रोबायोटिकची, म्हणजे उपयुक्त जिवंत जिवाणूंची, पूड देणे, असा त्याचा आशय. भाचीने मधाची नवी बाटलीही आणून ठेवली होती.

या संदेशातला सर्वांत घातक भाग हा मधाचा आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात वर्षानुवर्षे स्थिरावलेले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून बसलेली नसते, म्हणून तेथे ते रुजतात, विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडू लागतात. म्हणजे ज्या कोवळ्या जिवाणूंच्या काळजीपोटी हा उपाय सुचवला आहे, त्यांच्या कोवळेपणामुळेच तो जिवावर बेतू शकतो. तान्ह्या मुलांमधला हा आजार 1976 मध्ये ओळखला गेला, आणि एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊ नये हा सल्ला आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ देतात. मध घरच्या पोळ्याचा असला किंवा घरच्या चुलीवर उकळला, तरी त्यात हे बीजाणू नसतील याची खात्री देता येत नाही. सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाच्या जिभेला लावण्याची रीत आमच्याही घरात होती आणि तिच्यामागच्या मायेबद्दल मला शंका नाही. परंतु ‘आम्हाला चाटवला, आम्हाला काय झाले?’ हा पुरावा नव्हे. प्रत्येक बाटलीत बीजाणू असतातच असे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अँटिबायोटिकबद्दलच्या दाव्यात मात्र अर्धे सत्य आहे, हे मान्य करावे लागते. न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन ब्लेझर यांच्या प्रयोगशाळेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या पिलांना आयुष्याच्या सुरुवातीला अल्प मात्रेत पेनिसिलिन दिले गेले. औषध थांबल्यावर जिवाणूंची रचना पूर्ववत झाली, तरी त्या उंदरांच्या अंगावरची जादा चरबी टिकून राहिली. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे आणि तो कोणी झटकून टाकू नये. पण ती पिले उंदरांची होती आणि औषध आठवडेच्या आठवडे दिले गेले होते. माणसांच्या मुलांचे काय होते, हे फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी 38,522 मुलांच्या नोंदींवरून तपासले आणि 2016 मध्ये मांडले. पहिल्या सहा महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या सात वर्षांपर्यंतच्या वजनवाढीत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. दोन ते पाच वर्षे या वयातल्या वजनवाढीतला फरक जेमतेम 50 ग्रॅमचा निघाला. मोठी पाहणी म्हणून इतर काही अभ्यासांत दिसलेला किंचित फरक खोटा ठरत नाही, पण ‘एक डोस आणि हमखास मधुमेह’ हे विधान कशातूनच निघत नाही. उलट लघवीतला संसर्ग अर्धवट उपचारावर सोडला, तर तो मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि तेथे राहिलेले व्रण जन्मभराचे असतात. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागून घेणे चूकच आहे. पण ‘हे खरेच लागेल का?’ हा प्रश्न औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचा असतो, तिसऱ्या दिवशी गटावर नव्हे.

सिझेरियनच्या मुलांच्या आतड्यात सुरुवातीला वेगळे जिवाणू दिसतात, हे खरे. ब्रिटनमधील सुमारे सहाशे बाळांच्या 2019 च्या अभ्यासात हा फरक पहिल्या वर्षातच बराचसा ओसरलेला आढळला. शस्त्रक्रियेची भीती घालून आईला अपराधी ठरवण्याइतके त्यात काही नाही. प्रोबायोटिकच्या पुडीविषयी एवढेच, की ओडिशातील हजारो नवजात बाळांवरच्या चाचणीत एका विशिष्ट जिवाणूने रक्तातला जंतुसंसर्ग कमी केला होता. मधुमेहाशी त्या चाचणीचा संबंध नव्हता आणि दुकानातली कोणतीही पुडी म्हणजे तो जिवाणू नव्हे. आईच्या दुधातल्या काही शर्करा बाळाला स्वतःला पचत नाहीत. बिफिडोबॅक्टेरियम जातीचे जिवाणू त्यांवर पोसतात. भाची अंगावर पाजते आहे, त्यामुळे ती सोय तिच्या घरात आधीच आहे.

मध उघडला गेला नव्हता. औषधाची बाटली फ्रिजच्या दारात अर्धी उरलेली होती. चुकलेल्या डोसांचे काय करायचे, हे तिने त्याच संध्याकाळी डॉक्टरांना विचारून घेतले आणि औषध पुन्हा सुरू केले. ज्यांच्या घरी या संदेशावरून मध चाटवून झाला आहे, त्यांनी पुढचे काही आठवडे बाळाकडे नीट लक्ष ठेवावे. शौचाला न होणे, रडण्याचा आवाज बारीक होणे, दूध ओढताना दमणे, पापण्या किंवा मान गळणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता बाळाला रुग्णालयात न्यावे आणि मध दिल्याचे आपणहून सांगावे.